रजिस्ट्रीला हात लावण्याआधी
विंडोजच्या बहुतेक सेटिंग्ज रजिस्ट्री नावाच्या डेटाबेसमध्ये असतात. पूर्वी तिची प्रत ‘रेजबॅक’ फोल्डरमध्ये आपोआप बने. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ते बंद आहे, त्या भरवशावर राहू नका. आधी सी ड्राइव्हचं सिस्टिम प्रोटेक्शन चालू करून रिस्टोअर पॉइंट (काही बिघडलं तर सिस्टिम जिथे परत नेता येते ती नोंद) बनवा. मग ‘रेजएडिट’ या विंडोजच्या रजिस्ट्री एडिटरमध्ये जी ‘की’ (रजिस्ट्रीतला फोल्डरसारखा कप्पा) बदलायची, तीच एक्सपोर्ट करून पेन ड्राइव्हवर ठेवा. रजिस्ट्री साफ करणारी, आक्रसून लहान करणारी सॉफ्टवेअर मात्र टाकूच नका. जागा वाचते अगदी थोडी, वेगात फरक जाणवत नाही, आणि नको ती नोंद उडाली तर विंडोज सुरूच होत नाही. मायक्रोसॉफ्टचाही अशा क्लीनरना पाठिंबा नाही.