कॉलेजच्या शिबिरात रक्त देताय? उठायची घाई करू नका

वय १८ पूर्ण, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ आणि मागच्या रक्तदानाला मुलग्यांसाठी ९०, मुलींसाठी १२० दिवस उलटलेले. एवढं जमत असेल तर पुढचं वाचा. वर्षभरात टॅटू काढलाय किंवा अँटिबायोटिक चालू आहे, तर या खेपेला खुर्च्या लावायला जा. तिथेही माणसं कमीच पडतात.

सकाळी पोटभर खाऊन या. ‘रक्त उपाशीपोटीच द्यायचं असतं’ असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी सीनियर प्रत्येक कॉलेजात असतो; त्याच्या डोक्यात साखरेची तपासणी असते. पोहे, उपमा, पोळीभाजी काहीही चालेल. कँटीनचा वडापाव आणि तर्रीदार मिसळ मात्र नंतर. फार तेलकट खाल्लं की रक्तातला पातळ भाग दुधाळ होतो आणि तुमचा प्लाझ्मा वाया जाऊ शकतो.

फॉर्म खरा भरा. मित्र खांद्यावरून डोकावत असतील तर कागद घेऊन सरळ डॉक्टरांच्या टेबलाशी जा आणि जे सांगायचं ते तिथे हळू आवाजात सांगा. एचआयव्हीची तपासणी फुकटात होईल म्हणून रक्त द्यायला तर अजिबात येऊ नका. संसर्ग नवा असेल तर तो चाचणीत दिसत नाही, आणि पिशवी पुढे जाते.

मग बोटाला टोचतात. बऱ्याच शिबिरांत अजूनही मोरचुदाचं निळं द्रावण असतं: थेंब बुडाला तर तुम्ही पास, तरंगला तर घरी. ‘दुसऱ्या बोटातून घेऊन बघा ना’ म्हणून हुज्जत घालू नका.

सुई टोचते, ३५० मिली पिशवी दहा मिनिटांच्या आत भरते. ५५ किलोच्या वर असाल तर ४५० मिलीही घेतात. यात तुम्हाला करण्यासारखं फारसं नाही. हातातला चेंडू दाबत राहा.

खरा घोळ होतो उठताना. सेकंड इयरला मी पहिल्यांदा रक्त दिलं. कॉटसाठी तिघं थांबलेले, त्यात दोन मुली. पट्टी लावल्या लावल्या मी ताडकन उठलो, चहाच्या टेबलापर्यंत ऐटीत गेलो आणि कपासकट आडवा झालो. हनुवटीला दोन टाके. पुढच्या खेपेला पडलो नाही, पण डोळ्यांपुढे अंधारी आलीच. ‘अशक्त आहेस, बीट खा’ असा सल्ला सगळ्यांनी दिला. बिटाचा काही संबंध नव्हता.

अंगातल्या चार-पाच लिटर रक्तातून ३५० मिली गेल्याने धडधाकट माणूस सहसा कोसळत नाही. भीती, सुई आणि कमी झालेलं रक्त यांनी मिळून शरीराचा एक उलटा प्रतिसाद सुरू होतो: हृदयाची गती मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त पायांत साठतं. अशात उभं राहिलात की मेंदूला कमी पडतं. कमी वयाच्या, कमी वजनाच्या आणि पहिल्यांदाच देणाऱ्यांना हे जास्त होतं. म्हणजे कॉलेजच्या शिबिरातली निम्मी रांगच.

म्हणून पाणी नंतर नाही, आधी प्या. रांगेत उभे असतानाच अर्धा लिटर, सावकाश. कॉटवर पायावर पाय टाका, मांड्या आणि नितंब पाच सेकंद घट्ट आवळा, सोडा, पुन्हा आवळा. सुई आत असेपर्यंत हे चालू ठेवा. बावळट दिसतं, पण लागू पडतं. सुई निघाल्यावर पाच मिनिटं पडूनच राहा, दोन मिनिटं पाय खाली सोडून बसा, मग उभे राहा. स्वयंसेवक ‘झालं का?’ म्हणून घाई करेल, करू दे. सेल्फी पडल्या पडल्या काढा. पुढची पंधरा मिनिटं खुर्चीत, चहा-बिस्किटांसकट.

जांभया, मळमळ, कानात गुंई, थंड घाम यातलं काहीही जाणवलं तर असाल तिथेच जमिनीवर आडवे व्हा, पाय वर. तोंड धुवायला बाथरूमकडे पळू नका. आतून कडी लावून पडलात तर कुणाला कळणारही नाही. दुसरा कुणी पडला तर त्याला उचलून खुर्चीत बसवू नका. कांदा हुंगवायला निघालेल्या उत्साही मंडळींना बाहेर काढा. आणि ही घेरी काही तासांनीही येऊ शकते, म्हणून लगेच बाइकला किक मारू नका, लोकलच्या दारात लटकू नका.

पट्टी चार-पाच तास ठेवा. जड सॅक दुसऱ्या खांद्यावर. काळंनिळं पडलं तर बर्फ.

पुढची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा, आणि ती मे महिन्यात येत असेल तर कॉलेज उघडायची वाट पाहू नका. लाल पेशी फार तर ४२ दिवस टिकतात. जानेवारीच्या शिबिरातल्या पिशव्या तोवर संपलेल्या असतात आणि सुट्टीत नवी शिबिरं फारशी होत नाहीत. सरळ जवळच्या रक्तपेढीत जा. तिथे तुम्ही कॉटवर वीस मिनिटं पडून राहिलात तरी मागे कुणी खोळंबलेलं नसतं.