शालिमारला उतरायचं, निमाणीवरून परतायचं: नाशिक गावात कमी पैशात कसं फिराल

बाहेरगावचे पाहुणे आले की स्टेशनवरनं थेट स्पेशल रिक्षा करून गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, जातात, मग मेनरोडला जायला दुसरी, परत यायला तिसरी, आणि संध्याकाळी म्हणतात नाशिक महाग आहे. अहो नाशिक महाग नाहीये, जुनं गाव एवढुसं आहे की बसनं एकदा आत आलात की बाकी सगळं पायी होतं.

नाशिकरोड स्टेशन ते गाव साधारण 9-10 किलोमीटर. स्टेशनबाहेर रिक्षावाले घेरतात तिथे थांबू नका, सरळ सिटीलिंकच्या बसकडे जा. 2021 च्या जुलैपासून शहरातल्या बस महापालिकेच्या सिटीलिंकच्या आहेत, त्याआधी एसटीच चालवायची, त्यामुळे जुने लोक अजून "सिटी बस"च म्हणतात. पाटी वाचून चढू नका, कंडक्टरला विचारा "शालिमारवरून जाते का?" (शालिमार म्हणजे मेनरोडजवळचा स्टॉप), कारण निमाणी, म्हणजे पंचवटीतला बसस्टँड, लिहिलेली प्रत्येक बस शालिमारवरूनच जाईल असं नाही. सुट्टे पैसे हातात ठेवा, सकाळी सकाळी 500 ची नोट काढली की कंडक्टरचंही डोकं फिरतं आणि मागच्या लोकांचंही. सिटीलिंकचं ॲप घेऊन ठेवा, बस कुठपर्यंत आलीय ते त्यात दिसतं, उन्हात उभं राहायचं की चहा प्यायचा ते ठरवता येतं.

बस नाही मिळाली तर शेअर रिक्षा. पण बसायच्या आधी "सीटचे किती" हे विचाराच, नुसतं "शालिमार?" विचारून बसलात तर उतरताना स्पेशलचे पैसे मागितले जातात. माझ्या मावशीसोबत असंच झालं, ती बिचारी भांडायला नको म्हणून देऊन आली आणि मला आठवडाभर वाईट वाटत होतं.

आता खरी गोष्ट. शालिमारला उतरून मेनरोड पकडा, धुमाळ पॉइंट, मग दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार, हा सगळा रस्ता उताराचा आहे, आपोआप पाय खाली गंगेकडे नेतात. हो, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, "गंगेवर जाऊन येते" म्हणजे घाटावर. बुधवारी आलात तर घाटावर बाजार भरलेला असतो, ओल्या कोथिंबिरीच्या जुड्या पोत्यावर ठेवून बायका ओरडत असतात, तिथून भाजी घेतल्याशिवाय मी तरी घरी जात नाही, पिशवी सोबत असू द्या. पलीकडे गेलं की रामकुंड, वर पायऱ्या चढून कपालेश्वर, जिथे महादेवासमोर नंदी नाही, मग काळाराम मंदिर, जिथे प्रवेशासाठी बाबासाहेबांनी 1930 साली सत्याग्रह सुरू केला, आणि सीता गुंफा तर जवळच.

इथे लोक चूक करतात ती ही की परत चढ चढून शालिमारला बस पकडायला जातात. दमलेले असता, हातात पिशव्या असतात, आणि तिथे बस भरून येते. त्यापेक्षा पंचवटीतच पुढे निमाणीला जा, बऱ्याच बस तिथूनच सुटतात म्हणजे बसायला जागा मिळते, सोबत म्हातारं माणूस असेल तर ही एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा.

रोजचं येणं-जाणं असेल तर पास काढा, विद्यार्थ्यांना सवलतीचा मिळतो. आणि बायकांनो, अर्धं तिकीट ही एसटीची सवलत आहे, 17 मार्च 2023 पासून, ती त्र्यंबकला एसटीनं जाताना वापरा, सिटीलिंकमध्ये मागून वाद घालू नका.