तेल खाणारे समुद्री बॅक्टेरिया: प्रोजेक्टमध्ये या चुका टाळा

उद्यमनगरातल्या गॅरेजची काळी माती आणायची आणि टायटलमध्ये 'मरीन' लिहायचं, हे चालत नाही राव. त्या मातीत स्यूडोमोनाससारखा बॅक्टेरिया मिळेल, पण समुद्रातला तेलखाऊ बॅक्टेरिया अल्कॅनिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस मिठाशिवाय वाढतच नाही. कोल्हापुरात समुद्र नाही तर गाडी काढा, रत्नागिरी नाहीतर मालवणच्या जेटीजवळचं पाणी आणा, आणि घाट चढताना ते बर्फात असू दे, डिकीत तापवू नका.

व्हायवात हमखास ऐकू येतं, बायोसर्फॅक्टंट (बॅक्टेरिया बनवतात तो साबणासारखा पदार्थ) तेल खातं. नाही हो! ते पाण्याचं सरफेस टेन्शन 72 मिलिन्यूटन पर मीटरवरून 30 च्या आसपास आणतं, तेलाचे बारीक थेंब होतात, बॅक्टेरियाला चिकटायला जागा वाढते, तोडायचं काम मात्र त्यांची एन्झाइम्स करतात आणि त्याची पहिलीच स्टेप ऑक्सिजनवर चालते. त्यामुळे फ्लास्क गळ्यापर्यंत भरू नका, शेकर चालू ठेवा. नायट्रोजन, फॉस्फरसपण द्या, नुसत्या तेलावर कोण जगतंय? 1989 ला अलास्कात एक्झॉन वाल्डेझचं तेल सांडलं तेव्हा किनाऱ्यावर खत मारलं ते उगीच नाही.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती जागा, भांडी. ऑइल स्प्रेडिंगची, म्हणजे पाण्यावरच्या तेलावर सॅम्पलचा थेंब टाकून तेल किती लांब सरकतं ते बघायच्या टेस्टची, प्लेट साबणाने घासली, नीट खंगाळली नाही, की थेंब टाकल्या टाकल्या तेल लांब पळतं आणि आपण खूश, पण तो साबणाचा रिझल्ट असतो. मिडीयममधलं यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, पेप्टोनही फेस करतं. म्हणून बॅक्टेरिया न टाकलेलं मिडीयम प्रत्येक टेस्टला शेजारी पाहिजेच पाहिजे. ई 24, म्हणजे 24 तासांनी तेल-पाण्याचं दुधाळ मिश्रण (इमल्शन) किती टक्के टिकलं तो आकडा, काढताना केरोसीन आणि सुपरनॅटंट (बॅक्टेरिया खाली बसवून वर उरलेलं पाणी) समसमान घेऊन 2 मिनिटं व्हॉर्टेक्सवर जोरात घुसळा आणि रीडिंग 24 तासांनीच घ्या, लगेच दिसणारा फेस मोजू नका. आणि ई 24 भारी आला म्हणजे सरफेस टेन्शन उतरलंच असं नाही, एमल्सन नावाचं बॅक्टेरियाचं द्रव्य इमल्शन मस्त करतं पण टेन्शन फारसं उतरवत नाही, तेव्हा दोन्ही मोजा.

फ्लास्कमध्ये खायला दिलेलं डिझेल कमी झालं म्हणून नाचू नका, शेकरवर ते उडूनही जातं. मेलेल्या बॅक्टेरियाचा एक फ्लास्क तसाच सोबत ठेवा, त्यातली घट वजा करा, उरेल ते तुमचं.

ब्लड अगरवर (रक्त घातलेल्या प्लेटवर) बॅक्टेरियाभोवती स्वच्छ झोन आला म्हणजे बायोसर्फॅक्टंट पक्कं, असं तर अजिबात नाही, हिमोलायसिन (लाल रक्तपेशी फोडणारा पदार्थ) बनवणारेही झोन देतात. प्लेटवर स्यूडोमोनास एरुजिनोसा निघाला तर ग्लोव्हज घाला, प्लेटा ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय टाकू नका, जखमेत गेला तर लई त्रास देतो.