स्लाइड कोणी पुढे न्यायची? सादरीकरणाच्या वेळेबाबत या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात निबंध मांडण्यासाठी मला १५ मिनिटे मिळाली होती. तिसऱ्या स्लाइडवरील तक्ता मी समजावून सांगत असतानाच पडद्यावर चौथी स्लाइड आली. मी मागे जाऊन तक्ता परत आणला, तर काही क्षणांत तो पुन्हा निघून गेला. संगणक बिघडला असेच मला वाटले. प्रत्यक्षात आदल्या रात्री पॉवरपॉइंटमधील ‘रिहर्स टायमिंग्ज’ ही सरावात प्रत्येक स्लाइडला लागलेला वेळ नोंदवणारी सोय वापरून मी सराव केला होता आणि शेवटी ‘या वेळा जतन करायच्या का’ असे विचारल्यावर होकार दिला होता. त्या नोंदलेल्या वेळाच आता स्लाइड पुढे नेत होत्या.

ही चूक फार जणांकडून होते, कारण वेळ मोजणे आणि त्या वेळेप्रमाणे स्लाइड आपोआप सरकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मनात स्पष्ट नसते. वेळा जतन करण्यात धोका नाही, उलट फायदाच आहे, कारण ‘स्लाइड सॉर्टर’ दृश्यात प्रत्येक स्लाइडखाली तिला लागलेला वेळ दिसतो आणि आपण कुठे रेंगाळलो ते लगेच कळते. मात्र त्यानंतर ‘स्लाइड शो’ या टॅबवरील ‘यूज टायमिंग्ज’ समोरची खूण आठवणीने काढावी, म्हणजे नोंदी राहतात आणि स्लाइड आपण कळ दाबल्यावरच पुढे जाते. भर सभेत असा प्रसंग आलाच, तर ‘एस’ ही कळ दाबून आपोआप चालणारा शो थांबवता येतो.

सरावही मोठ्याने बोलून करावा. मनातल्या मनात वाचताना आपण भराभर पुढे जातो, आणि त्यातून मिळालेले आकडे व्यासपीठावर उपयोगी पडत नाहीत. सराव सुरू असताना पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी दिसते. तिच्यावर चालू स्लाइडचा आणि एकूण असे दोन वेळ दिसतात. मध्येच फोन आला किंवा कोणी हाक मारली, तर तिथले थांबवण्याचे बटण दाबावे, अन्यथा ते बोलणेही स्लाइडच्या वेळेत जमा होते.

आपोआप सरकणाऱ्या स्लाइडची खरी जागा आहे ती जिथे बोलणारा माणूस नसतो तिथे: शाळेचे विज्ञान प्रदर्शन, गणेशोत्सव मंडळाचा देखावा, ग्रंथालयाच्या दारातील पडदा. अशा शोसाठी ‘सेट अप स्लाइड शो’मध्ये किऑस्कचा पर्याय निवडतात. तो निवडला की शो संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने माउस दाबला तरी स्लाइड हलत नाही. पण याच कारणामुळे एखाद्या स्लाइडला वेळ द्यायची राहिली, तर शो तिथेच अडकून पडतो आणि दिवसभर तेच एक चित्र दिसत राहते. हा वेळ ‘ट्रान्झिशन्स’ टॅबवरील ‘आफ्टर’ या चौकटीत, आधी मिनिटे व मग सेकंद अशा क्रमाने द्यायचा असतो. शेजारीच असलेली ‘ड्युरेशन’ ही चौकट मात्र एक स्लाइड जाऊन दुसरी येण्याच्या हालचालीला लागणारा वेळ ठरवते. तिथे चुकून ३० भरले, तर नवे चित्र अर्धा मिनिट रेंगाळत येत राहते. तसेच ‘अप्लाय टू ऑल’ दाबताना जपावे, कारण चालू स्लाइडच्या येण्याची हालचाल सर्वांना लागू होताना त्या स्लाइडचा वेळही सर्वांना लागू होतो आणि मन लावून ठरवलेले वेगवेगळे वेळ पुसले जातात. मराठी मजकुराच्या स्लाइडला किती वेळ द्यावा, याचा माझा नियम असा आहे की मजकूर संथपणे दोनदा मोठ्याने वाचावा आणि लागला तेवढा वेळ द्यावा. सर्वात वडीलधाऱ्या प्रेक्षकालाही तो पुरतो.

सभागृहात पोहोचल्यावर विंडोज आणि ‘पी’ या कळा एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडावे. ‘डुप्लिकेट’ राहिले, तर प्रोजेक्टरवर आणि लॅपटॉपवर एकच चित्र दिसते. ‘एक्स्टेंड’ असल्यास ‘प्रेझेंटर व्ह्यू’मध्ये चालू घड्याळ, टिपणे आणि पुढची स्लाइड फक्त आपल्याला दिसते.

आणि अध्यक्षांनी ‘दोन मिनिटे राहिली’ अशी चिठ्ठी पाठवली, की बाणाची कळ पटापट दाबत दहा स्लाइड डोळ्यांसमोरून पळवण्याची घाई करू नये. त्यातून काय वगळले गेले हे सर्वांना दिसते आणि ऐकणाऱ्याचे लक्ष तुटते. शो चालू असताना स्लाइडचा क्रमांक टाइप करून ‘एंटर’ दाबले, की थेट त्या स्लाइडवर जाता येते. लपवलेली स्लाइडही अशीच उघडते, म्हणून प्रश्नोत्तरांत लागतील असे तक्ते शेवटी लपवून ठेवता येतात. त्यासाठी निष्कर्षाच्या आणि त्या तक्त्यांच्या स्लाइडचे क्रमांक एका कागदावर ठळक लिहून तो कागद लॅपटॉपशेजारी ठेवावा.