कर्नल कोडमध्ये मेमरी बॅरिअर कसा लावावा

इंटेलच्या लॅपटॉपवर रात्रभर बिनतक्रार चाललेला ड्रायव्हर गाडीतल्या एआरएम बोर्डवर तासाभरात कचरा डेटा वाचू लागतो. हिंजवडीत गाड्यांसाठी लिनक्स लिहिणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. कारण प्रोसेसर वेगासाठी मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम बदलतात. सामान्य मेमरीच्या बाबतीत एक्स८६ (इंटेलचा प्रोसेसर-प्रकार) क्रमाची एकच अदलाबदल करतो: आधीचं लेखन स्टोअर बफरमध्ये (मेमरीत पोचण्याआधीच्या रांगेत) असतानाच नंतरचं वाचन उरकतो. एआरएम६४ (६४ बिटी एआरएम) वर लेखन-लेखन आणि वाचन-वाचन हे क्रमही बदलू शकतात. शिवाय कंपायलर आपल्या सोयीने ओळी हलवतो तो वेगळाच. हा क्रम हलू न देणारी, कोडमध्ये लिहायची सूचना म्हणजे मेमरी बॅरिअर.

आधी बॅरिअर टाळता येतो का ते बघा. डेटा लिहिणारी आणि वाचणारी अशा दोन्ही बाजू तोच स्पिनलॉक किंवा म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारे लॉक) घेत असतील तर क्रम लॉकच सांभाळतो. वर बॅरिअर लावणं म्हणजे उगाच भरती. लॉक परवडत नसेल तरच पुढे जा.

मग कागदावर दोन रकाने काढा: लिहिणारा आणि वाचणारा. बॅरिअर जोडीनेच काम करतो. लिहिणाऱ्याने क्रम पाळला आणि वाचणाऱ्याने नाही, तर काहीच साधत नाही. नेहमीचा प्रसंग 'डेटा भरा, मग झेंडा लावा' असा असतो (झेंडा म्हणजे डेटा तयार असल्याची खूण, इथे 'तयार'):

लिहिणारा:
    बफ->लांबी = ६४;
    एसएमपी_स्टोअर_रिलीज(&बफ->तयार, १);

वाचणारा:
    इफ (एसएमपी_लोड_अक्वायर(&बफ->तयार))
        वापरा(बफ->लांबी);

रिलीजच्या आधीचं सगळं, अक्वायरला तो १ दिसला की, वाचणाऱ्याला दिसतंच. एआरएम६४ वर याचे एसटीएलआर आणि एलडीएआर प्रकारचे आदेश होतात. एक्स८६ वर जादा आदेश लागत नाही, फक्त कंपायलरला आवर बसतो. जुन्या कोडमध्ये एसएमपी_डब्ल्यूएमबी() (लेखनांचा क्रम राखणारा) आणि एसएमपी_आरएमबी() (वाचनांचा क्रम राखणारा) अशी जोडी दिसेल. तीही चालते, पण तेव्हा झेंड्याला राइट_वन्स() आणि रीड_वन्स() (कंपायलरला ते लेखन-वाचन बदलू न देणारे) लावायला विसरू नका. तोच बफर पुन्हा भरायचा असेल, तर वाचणाऱ्याकडून परतीची अशीच एक जोडी लागेल.

इथे हमखास फसवणारी समजूत म्हणजे 'इफ आहे ना, मग आतलं वाचन नंतरच होणार'. तसं नाही. प्रोसेसर अंदाजाने आतलं वाचन आधीच करून ठेवू शकतो. इफ पुढच्या लेखनाला रोखतो, वाचनाला नाही.

दोघंही 'माझं लिहितो, मग तुझं वाचतो' असं करत असतील तर रिलीज-अक्वायर पुरत नाही. दोन्हीकडे पूर्ण एसएमपी_एमबी() लागतो, आणि तो एक्स८६ वरही लागतो. थ्रेड झोपवताना आधी सेट_करंट_स्टेट() (थ्रेडची 'झोपतोय' ही स्थिती लिहिणारं फंक्शन) आणि मगच अट तपासायची, ती याचसाठी. तो पूर्ण बॅरिअर त्या फंक्शनच्या पोटातच आहे.

समोर डिव्हाइस असेल तर एसएमपी_ कुटुंब (कोर-कोरमधले बॅरिअर) विसरा. एका कोरसाठी बांधलेल्या कर्नलमध्ये ते फक्त कंपायलर बॅरिअर उरतं, आणि डीएमए (डिव्हाइसने प्रोसेसरला वगळून थेट मेमरी वाचणं-लिहिणं) तर तिथेही चालू असतो. डिस्क्रिप्टरमध्ये (डिव्हाइसला काम सांगणाऱ्या मेमरीतल्या नोंदीत) पत्ता आणि लांबी भरा, डीएमए_डब्ल्यूएमबी() लावा, मग मालकीचा बिट डिव्हाइसकडे द्या. शेवटी राइटएल() ने डोअरबेल (काम आल्याचं कळवणारं डिव्हाइसचं रजिस्टर) वाजवा. आधीची मेमरीतली लेखनं राइटएल() स्वतः सांभाळतो. वेगासाठी राइटएल_रिलॅक्स्ड() वापरलात तर ती हमी गेली, आधी डब्ल्यूएमबी() हाताने लावावा लागतो.

प्रत्येक बॅरिअरवर कॉमेंट हवी, नाहीतर चेकपॅच (कर्नलचा कोड तपासणारी स्क्रिप्ट) कुरकुरतो. ती पुणेरी पाटीसारखी असावी: थोडक्यात, स्पष्ट, वाद घालायला जागा न ठेवणारी. 'रिंग_वाचा() मधल्या अक्वायरची जोडी' एवढं पुरे. 'सुरक्षिततेसाठी' असं लिहिलेला बॅरिअर रिव्ह्यूत निम्म्या वेळा चुकीचाच निघतो.

तपासणीसाठी २०१८ च्या ४.१७ आवृत्तीपासून कर्नलच्या टूल्स/मेमरी-मॉडेलमध्ये मेमरीच्या क्रमाच्या नियमांचं औपचारिक मॉडेल आहे. आपला प्रसंग छोट्या लिटमस (चाचणी) फाइलमध्ये लिहून हर्ड७ ला (त्या मॉडेलवर शक्य ते सगळे निकाल तपासणाऱ्या साधनाला) द्या. वरच्या जोडीत 'तयार १ दिसला, लांबी जुनीच' या अटीवर उत्तर 'नेव्हर' येतं. रिलीजच्या जागी नुसता राइट_वन्स() टाकलात की 'समटाइम्स'.

प्रत्यक्ष बोर्डवरही चालवून बघा. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास बोर्ड शोधताना कॉर्टेक्स-ए७२ चे चार कोर असलेला रास्पबेरी पाय ४ घ्या. पाय ३ मधला ए५३ आदेश क्रमानेच चालवतो, त्यामुळे असे घोटाळे तिथे सहसा वर येत नाहीत. आणि शोधताना मध्येच प्रिंटके (कर्नलमधून संदेश छापणारं फंक्शन) टाकू नका: त्याने वेळेचं गणित बदलतं आणि बग गायब होतो.