साताऱ्याला ओटीची (ऑक्युपेशनल थेरपीची) पोस्टिंग लागलीय? मग निघायच्या आधी हे वाचा

मी डोंबिवलीची, बीओटीएचची (ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे आजारपणानंतर रोजची कामं परत करायला शिकवणं, त्याची डिग्री) चार वर्षं लोकलने ये-जा करून काढली, संध्याकाळी आईच्या हातचं जेवायला घरी. इंटर्नशिपच्या सहा महिन्यांतले दोन महिने साताऱ्यात काढायचे असं कळलं तेव्हा पहिला प्रश्न काय पडला तर तिकडे राहू कुठे आणि खाऊ काय, पेशंटचा विचार डोक्यात पण नव्हता. आता परत आलेय तर पुढच्या बॅचच्या मुली रोज मेसेज करतायत, दीदी काय नेऊ, दीदी कसं करू, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

जायचं कसं ते आधी. रेल्वेने गेलात तर लक्षात ठेवा की सातारा स्टेशन गावात नाहीये, माहुलीच्या बाजूला आहे, आणि महालक्ष्मी एक्सप्रेसने पहाटे अंधारात उतरलात तर रिक्षावाला सांगेल ते भाडं द्यावं लागतं. मला एसटी बरी वाटली, स्वारगेटवरून साताऱ्याला विनाथांबा गाड्या भरपूर आहेत आणि मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे महिन्यातून दोनदा घरी जाणं पण परवडतं.

खोली बघताना एकच गोष्ट धरून ठेवा, एसटी स्टँडला चालत जाता आलं पाहिजे. स्वस्त मिळतेय म्हणून लांब घेऊ नका. ओटीच्या पोरांना होम व्हिजिट असतात आणि त्या सगळ्या एसटीनेच होतात, सकाळी साडेसातची गाडी चुकली की पुढची कधी येईल ते त्या गावच्या लोकांनाच माहीत. पोवई नाका, सदर बझार ह्या भागात आधी शोधा. आणि राहायला गेल्या दिवशीच भिंतींचे, नळांचे, दाराच्या कडीचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सॲप करून ठेवा, माझ्या मालकिणीने दोन महिन्यांत "रंग खराब झाला" म्हणून डिपॉझिटमधले पैसे कापले आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, फार वाईट वाटलं होतं तेव्हा. मेसला विचारून घ्या रविवारी संध्याकाळी बंद असते का, बहुतेक असते.

सामानात गोनिओमीटर (सांधा किती अंश वळतो ते मोजायचं), स्टीलची मेजरिंग टेप, चांगली कात्री, दोन ॲप्रन, आणि जुलै-ऑगस्टमध्ये जात असाल तर छत्री नाही रेनकोट, तिकडचा पाऊस वाऱ्यासकट येतो. बस, बाकी सगळं तिकडे मिळतं.

आता कामाचं.

पहिल्या दिवशी तुम्हाला "फिजिओवाल्या म्याडम" म्हणतील. मी पहिले चार दिवस प्रत्येकाला सांगत बसले की नाही, मी ऑक्युपेशनल थेरपीची, मग मराठीत सांगायला गेले व्यवसायोपचार, तर एका काकांनी खरंच विचारलं की धंद्याला कर्ज मिळतंय का तुमच्याकडं. त्यांची काही चूक नाही, शब्दच तसा आहे. त्यानंतर मी एकच वाक्य ठरवलं, "तुमी आजारी पडायच्या आधी हातानं जी कामं करत होता ती परत करायला शिकवते." हे सगळ्यांना कळतं. तुम्ही पण तुमचं एक वाक्य घरूनच ठरवून जा.

भाषेचं म्हणाल तर आपल्याला वाटतं मराठीच तर आहे, पण कान तयार करायला आठवडा जातो. अंगावरनं वारं गेलं म्हणजे पॅरालिसिस. हात मेलाय म्हणाले तर ताकद नाही की स्पर्श कळत नाही ते वेगळं विचारा, दोन्हीला तेच म्हणतात. चमक आणि ठणका वेगळे, चमक येऊन जाते, ठणका राहतो, केस पेपरवर दोन्हीला नुसतं पेन लिहिलंत तर सरांना अर्धीच माहिती मिळते. मी वहीच्या शेवटच्या पानावर असे शब्द लिहून ठेवायचे, पेशंटने वापरला तसाच शब्द आणि त्याच्यापुढे त्याचा अर्थ. दोन महिन्यांत अडीच पानं भरली.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. आपण इकडून जाताना स्केल, म्हणजे पेशंटला रोजची कामं कितपत जमतात ते मोजायचे तक्ते, पाठ करून जातो. बार्थेलचे दहा आयटम, शंभर मार्क. एफआयएमचे अठरा आयटम, १२६ मार्क. ते लागतातच, फाइलला लावायचेच आहेत. पण त्यात भाकरी नाही, म्हशीची धार नाही, जमिनीवरून उठणं नाही, डोक्यावर पदर घेणं नाही. आणि तिकडच्या माणसाचा अर्धा दिवस ह्यातच जातो. म्हणून पहिल्या आठवड्यात तिकडच्या लोकांचा दिवस शिकून घ्या, सकाळी किती वाजता उठतात, पाणी कुठून भरतात, चूल का गॅस, अंघोळ कुठे, गोठा घरापासून किती पावलं. पेशंटच्या नातेवाईकांना विचारा, मेसच्या मावशींना विचारा, एसटीत शेजारी बसलेल्या बाईंना विचारा, लोक आनंदाने सांगतात.

एक आज्जी होत्या, कोरेगाव बाजूच्या, डावी बाजू गेलेली, स्ट्रोकला तीन महिने झालेले. मी सीओपीएम काढलं (पेशंटच्याच तोंडून त्याची अडलेली कामं विचारायचा फॉर्म), अगदी नियमाप्रमाणे, कुठली कामं अडलीत, एक ते दहामध्ये किती महत्त्वाची. आज्जी म्हणाल्या, "अगं पोरी, सून हाय की, ती करती सगळं, मला काय करायचंय आता." कागद कोरा. दुसऱ्या दिवशी पण कोरा. तिसऱ्या दिवशी मी कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं आज्जी, मला भाकरी येत नाही, मेसची खाऊन कंटाळा आला, कशी करायची सांगा. तर त्या वीस मिनिटं बोलल्या. पाणी किती गरम पाहिजे, पीठ जुनं असलं की भाकरी कशी तुटते, तळहाताच्या कुठल्या भागाने रेटून मळायचं, आणि बोलता बोलता उजवा हात मांडीवर थापायला लागला. डावा हात तसाच पडलेला होता, पण त्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं आणि डोळे भरून आले. मला माझा गोल, म्हणजे थेरपीचं ध्येय, तिथे मिळालं.

मग आम्ही काय केलं ते नीट सांगते कारण तुम्हाला असाच पेशंट मिळणार आहे. त्यांना खाली बसता येत नव्हतं म्हणून परात टेबलावर घेतली, परातीखाली ओला फडका, म्हणजे सरकत नाही, आपलं नॉन-स्लिप मॅट म्हणजे तोच. डावा हात परातीच्या काठावर ठेवायचा, बोटं पसरून, कोपर सरळ करायचा प्रयत्न, त्याने फक्त परात धरायची. वेट बेअरिंग, म्हणजे त्या हातावर भार घेणं, पण झालं आणि दोन्ही हात कामात पण आले. मळायचं उजव्याने. थापायचं पण उजव्याने, डावा काठावर. भाकरी उचलून तव्यावर टाकायला दोन हात लागतात आणि त्यांच्या डाव्या हाताला गरम-गार कळत नव्हतं, त्यामुळे तव्याजवळचं काम सुनेकडेच ठेवलं आणि हे सुनेला समोर बसवून सांगितलं, आज्जींना नाही, कारण आज्जी ऐकणार नव्हत्या. पाचव्या आठवड्यात त्यांनी चार भाकऱ्यांचं पीठ मळलं. परत सीओपीएम काढलं तेव्हा परफॉर्मन्स, म्हणजे काम किती जमतं त्याचे त्यांनी स्वतः दिलेले मार्क, दोनवरून सहावर, दोन मार्कांचा फरक पडला तरी तो मोठा धरतात आणि इथे चारचा होता. तेव्हा विचारायची पद्धत बदला, "काय अडचण आहे" विचारू नका, "सकाळी उठल्यापासून काय काय करायचात" विचारा.

दुसरे एक दादा, कडबा कुट्टी मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. अशा केसेस तिकडे बघायला मिळतात, ऊस आणि जनावरांचा भाग आहे. जखम भरलेली पण टोकांना नुसता वारा लागला तरी ओरडायचे. डिसेन्सिटायझेशनला, म्हणजे दुखरी टोकं हळूहळू स्पर्शाला सरावायला, कॉलेजमध्ये आपल्याकडे वेगवेगळ्या टेक्श्चरचा सेट असतो, तिकडे नव्हता, तर कापूस, मग टर्किश टॉवेल, मग डब्यात ज्वारी भरून त्यात हात घालून फिरवायचा, दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा वेळ. ज्वारी त्यांच्या घरी पोत्याने होती, त्यामुळे होम प्रोग्रॅम त्यांनी खरोखर केला. आणि धार काढायचं कसं शिकवलं, तर सर्जिकल ग्लोव्हमध्ये पाणी भरलं, बोटांच्या टोकांना सुईने बारीक भोक, खिडकीच्या गजाला बांधला, खाली बादली. मी आयुष्यात म्हशीजवळ गेले नव्हते. दादांनीच मला दाखवलं की वरून दाबत खाली यायचं, ओढायचं नाही. मग बसून दोघांनी ठरवलं की उजव्या हाताची राहिलेली बोटं कशी वापरायची आणि जोर डाव्यावर कसा न्यायचा. पहिल्या दिवशी पाणी सगळं बाहेर, चौथ्या-पाचव्या दिवशी धार सरळ बादलीत, आणि वॉर्डातले बाकीचे पेशंट बघायला जमलेले.

आता चूक सांगते, कारण ही तुमच्याकडून होऊ नये. एका बाईंना कॉक-अप स्प्लिंट (मनगट वर धरून ठेवणारा आधार) बनवला, रेडियल नर्व्हची केस, म्हणजे हाताची नस दुखावल्याने मनगट वर उचलता येत नाही, मनगट २५ अंश वर, कॉलेजमध्ये असे बरेच केले होते, छान बसला. त्यांची गाडी तीनची होती, पावणेतीन वाजले होते, मी म्हटलं जा, पुढच्या आठवड्यात या. आठ दिवसांनी आल्या तर करंगळीच्या बाजूला मनगटाचं जे हाड वर येतं ना, त्याच्यावर जखम. मुंबईत पेशंट दुसऱ्या दिवशी येऊन सांगतो टोचतंय, तिकडे चाळीस किलोमीटरवरून कोणी येत नाही, सहन करतात, वर म्हणाल्या "मला वाटलं असंच असतंय." मला रात्रभर झोप लागली नाही. त्यामुळे स्प्लिंट दिला की अर्धा तास तिथेच घालून बसवा, काढून लाली बघा, पंधरा-वीस मिनिटांत गेली नाही तर स्प्लिंटची ती जागा गरम करून बाहेरच्या बाजूला फुगवा, मगच सोडा. त्यांची गाडी कितीची आहे हे सकाळीच विचारा आणि लांबून आलेल्यांचे स्प्लिंट आधी घ्या. घरी कुणाचा तरी फोन नंबर घ्या आणि दोन दिवसांनी स्वतः फोन करा.

होम व्हिजिटला एकट्या जाऊ नका, सेंटरमधलं कोणीतरी बरोबर असू दे आणि खोलीवर सांगून निघा. टेप न्याच. पुस्तकात रॅम्प एकास बारा, म्हणजे तीस सेंटिमीटरच्या पायरीला तीन मीटर साठ सेंटिमीटरचा रॅम्प, आणि गावातल्या जुन्या घराचं अंगण तेवढं नसतंच, पुढे सरळ रस्ता. अशा वेळी नुसतं रॅम्प रेकमेंडेड लिहून येऊ नका, मधे एक अर्ध्या उंचीची पायरी आणि भिंतीला धरायला पाइप, एवढं गावचा गवंडी करतो. उंबरा काढा असं पटकन म्हणू नका, त्याची पूजा होते, आधी घरातल्या मोठ्यांशी बोला. चहा दिला की घ्या. फोटो काढायचा असेल तर विचारून, आणि तो फक्त केस फाइलला, स्टेटसला नाही.

सुपरवायझरचं थोडक्यात. लॉगबुकवर त्याच दिवशी सही घ्या, तिकडे ओटी एकच असतात आणि ते कधी कॅम्पला जातील सांगता येत नाही. येत नसेल ते येत नाही म्हणून सांगा, कोणी रागवत नाही.

एकटेपणा येतो. पहिला रविवार सगळ्यात वाईट, मेस बंद, खोलीत पंखा आणि आपण. मी त्या दिवशी आईला फोन करून रडले आणि त्यात काही चुकलं असं मला वाटत नाही. पण दुसऱ्या रविवारपासून बाहेर पडायचंच असं ठरवलं, सकाळी अजिंक्यतारा चढून यायचा, संध्याकाळी राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर खायचं, सप्टेंबरमध्ये असाल तर कास बघितल्याशिवाय येऊ नका. आणि एक दिवस फलटणची एसटी पकडा. आपण फर्स्ट इयरला इतिहासात वाचतो ना, कमला निंबकर, जन्माने अमेरिकन, १९५० साली मुंबईत केईएमला भारतातलं पहिलं ओटीचं स्कूल त्यांनी सुरू केलं, १९५२ मध्ये आपली ओटींची असोसिएशन झाली ती पण त्यांच्यामुळे. लग्नाने त्या निंबकरांच्या घरात आल्या आणि फलटणमध्ये त्यांच्या नावाची शाळा आहे, कमला निंबकर बालभवन. मला हे पोस्टिंगच्या आधी माहीतच नव्हतं की त्यांचं नाव ह्याच जिल्ह्यात आहे. ते नाव बोर्डावर मराठीत वाचलं आणि परत येताना एसटीत पहिल्यांदा वाटलं की मी काही फार लांब आलेली नाहीये.

शेवटच्या आठवड्यात नवीन पेशंट घेऊ नका, आहेत त्यांचं लिहून ठेवा. प्रत्येकाचा होम प्रोग्रॅम मराठीत, मोठ्या अक्षरात, वाचता येत नसेल तर चित्र काढून, आणि घरातल्या ज्या माणसाला शिकवलंय त्याचं नाव वर. पुढच्या मुलीसाठी वेगळं पान, कुठल्या आज्जींना कमी ऐकू येतं, कुठले काका शनिवारी येत नाहीत.

आणि तुमच्यापैकी कोणी माझ्याच सेंटरला जात असेल तर ओटीच्या खोलीत कपाटाच्या खालच्या कप्प्यात ज्वारीचा निळा डबा आहे, तो महिन्यातून एकदा उन्हात ठेवा नाहीतर किडे होतात. ग्लोव्ह प्रत्येक वेळी नवीन घ्या.