आधी चरक, मग तिफण: गोड ज्वारी घेताना

लहानपणी हुरड्याच्या दिवसांत आम्ही जोंधळ्याचं गोड धाट दातानं सोलून चघळायचो. त्याच रसापासून इथेनॉल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं इंधन, होतं, हे मला पन्नाशीत कळलं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा औसा तालुक्यातल्या माझ्या रानात ऊस उभा वाळत होता. त्यानंतर मी ऊस सोडला. ऊस वर्षभर रान अडवून बसतो, गोड ज्वारी चार महिन्यांत रान मोकळं करते.

पण बियाणं घ्यायच्या आधी गिऱ्हाईक बघा. रस काढणारा कारखाना किंवा मोठा चरक जवळपास नसेल तर पेरूच नका, कळकळीनं सांगतो. पहिल्या वर्षी मी धाटं तोडून बांधावर मोळ्या रचल्या आणि गाडी आली तिसऱ्या दिवशी. तोडताना १७ असलेला ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचं माप, ११ वर आला होता. तोडलेलं धाट त्याच दिवशी पिळलं गेलं पाहिजे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात इथेनॉलच्या कच्च्या मालात गोड ज्वारीचं नाव आहे, पण तेवढ्यानं शिवारात गाडी येत नाही. भाव, तोडणीची तारीख, वाहतूक कुणाची, सगळं कागदावर घ्या.

वाण सीएसएच २२ एसएस किंवा एसएसव्ही ८४. एकरी साडेतीन किलो बियाणं पुरतं. दोन ओळींत ६० सेंटिमीटर ठेवा, पंधरा दिवसांनी विरळणी करून दोन ताटांत १५ सेंटिमीटर राखा. विरळणीला मजुरी लागते म्हणून ती टाळू नका. दाटीतलं धाट बारीक राहतं आणि वाऱ्यानं लोळतं. खत एकरी दोन पोती सुपर फॉस्फेट, २७ किलो पोटॅश, ७० किलो युरिया. युरिया निम्मा पेरताना, निम्मा महिन्यानं. पाणी तुंबू देऊ नका.

सगळं रान एकाच दिवशी पेरलं तर सगळंच एकदम तोडणीला येतं आणि चरकाला झेपत नाही. मी तीन तुकडे करतो. पहिला मृगाच्या चांगल्या पावसावर, मग आठ-दहा दिवसांच्या अंतरानं बाकीचे दोन. शेवटचा ७ जुलैच्या आत, नाहीतर खोडमाशी पोंगे खाते.

दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की पीक पक्व झालं. तेव्हा चार-पाच ठिकाणची धाटं पिळून रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे ब्रिक्स मोजायच्या यंत्रावर, थेंब टाकून बघा; ब्रिक्स १६-१७ च्या पुढं असेल तर विळा लावा. कणसं आधी उतरवा, मग पाला काढून धाटं गाडीत. एक टन धाटांतून साधारण ४० लिटर इथेनॉल निघतं.

एक सांगणं आहे. ज्या भारी काळ्या रानात रब्बीची मालदांडी ज्वारी येते, ते रान इंधनाला देऊ नका. मी गोड ज्वारी मध्यम जमिनीतच घेतो आणि ती निघाली की ओल बघून लगेच हरभरा पेरतो.